लाल्याचा तिसरा नमुना

वराह पैदास केंद्रात तिला सगळे भिंगताई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला मामा. ताईचा नवरा मामा कसा, हा नात्याचा घोळ निस्तरायच्या भानगडीत आता कुणी पडत नसे. ज्यांनी तो प्रयत्न केला होता त्यांना दोघांनीही सारखंच झापलं होतं. कामाच्या ठिकाणी आपण नवराबायको नाहीच, असं भिंगताईचं म्हणणं. आणि ती जे म्हणेल ते मामाला मान्य असायचं, निदान तिच्या तोंडावर तरी.

तिचं काम म्हणजे नर डुकरांचं वीर्य तपासणं. हे वाचून ज्याला हसू येत असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, कारण भिंगताईसमोर हसलेलं तिला खपत नाही. नात्यागोत्यात जेवायच्या टेबलावर कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती जराही आढेवेढे न घेता सांगायची. विचारणाऱ्याचा घास घशात अडकायचा. मग ती शांतपणे पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवायची आणि वर समजावून सांगायची, की चांगल्या नराचं एका वेळचं वीर्य पातळ करून बाटल्यांत भरलं तर पंधरा-वीस माद्यांना पुरतं, आणि तेच वाईट निघालं तर तितक्या घरांचा हंगाम वाया जातो. "मग कुणीतरी बघायला नको का? ते मी बघते." विचारणारा मग मुकाट ताटाकडे वळायचा. नवरा मात्र शेजारी बसून अभिमानानं मान डोलवायचा.

तिची खोली पांढरी, उबदार, स्पिरिटच्या वासाची. मधोमध सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्या काचेखाली अंगाइतकी कोमट राहणारी धातूची पाटी. एका भिंतीत खिडकीएवढा कप्पा होता. त्याला काचेची दोन दारं, एक तिच्या बाजूला, एक शेडच्या बाजूला, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा दंडक. शेडमधला रोग-जंतू इकडे येऊ नये आणि इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून ही सोय. शेडमध्ये जायचं तर अंघोळ, तिथून यायचं तर पुन्हा अंघोळ. घरून एकाच स्कूटरवर येणारी ही दोघं फाटकात वेगळी व्हायची. त्यानंतर दिवसभर त्यांची गाठ पडायची ती त्या कप्प्यातून. तो गमबूट घालून तिकडे, ती धुतलेला पांढरा डगला घालून इकडे.

मामा फ्लास्क कप्प्यात ठेवून त्याच्या बाजूचं दार लावून घ्यायचा, ती तिच्या बाजूनं उचलायची. थेंब काचेवर, काच कोमट पाटीवर, डोळा नळीला. मग ती किती शुक्राणू नीट सरळ पोहतायत ते शेकड्यात सांगायची. सत्तर किंवा वर पास, खाली नापास. नापास नमुना मोरीत जायचा. इतक्या वर्षांत तिच्या आकड्यावर कुणी शंका घेतली नव्हती, आणि घेतली असती तर ती त्यालाच नळीपाशी बसवणारी होती.

नर किती तऱ्हांचे! पांढरा यॉर्कशायर म्हणजे सढळ हाताचा, फ्लास्क भरून देणार, पण पातळ. लांब कानांचा लँडरेसही तसाच, त्यातल्या त्यात भरवशाचा. पोटाभोवती पांढरा पट्टा असलेला काळा हॅम्पशायर लहरी, एकदा उत्तम, एकदा सुमार. आणि तांबडा ड्यूरॉक म्हणजे थोडं देणार, पण सायीसारखं दाट. एका थेंबात इतकी गर्दी, की काचेवर पसरायच्या आधी तो पातळ करून घ्यावा लागे. शेडमध्ये कधी पाऊल न टाकता तिला एकेकाचा स्वभाव पाठ होता. "यॉर्कशायरला आज काय झालंय?" असं ती कप्प्यातून विचारायची, आणि मामा तिकडून सांगायचा की सकाळपासून खाण्याला तोंड लावलं नाही. मग दोघंही मनातल्या मनात खूश व्हायची, ती ओळखल्याबद्दल आणि तो बायकोनं ओळखल्याबद्दल.

ड्यूरॉकांतला सगळ्यात जुना तो लाल्या. तो केंद्रात आला तेव्हा अगदी बुजरा होता. मादी म्हणून एक लाकडी घोडा उभा केलेला असतो, त्यावर चढायचं सोडून लाल्या कोपऱ्यात तोंड घालून उभा राहायचा. सगळ्यांनी हात टेकले. मामा मात्र त्या कोपऱ्यात त्याच्याशेजारी बसून कितीतरी सकाळी त्याच्याशी नुसत्या गप्पा मारत राहिला. बाजारातले भाव, आईचे गुडघे, बायकोचा राग, काय वाटेल ते. शेवटी एकदा लाल्या उठला, घोड्याकडे गेला, आणि त्या दिवसापासून मामाशिवाय दुसऱ्या कुणाला जवळ उभं करीना. "माझ्या घरातल्या सगळ्या भानगडी त्याला माहीत आहेत," असं मामा सांगायचा. भिंगताईला हे पसंत नव्हतं, पण डुक्कर चारचौघांत बोलत नाही एवढ्यावर तिनं समाधान मानलं होतं.

त्या वर्षी थंडी पडली आणि लाल्याचा नमुना नापास झाला.

एकदा होतं असं कुणाचंही, म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिनं काच बदलली, थेंब बदलला, पाटीला हात लावून पाहिला. तिथे गर्दी होती, पण हालचाल जवळजवळ नाही. आणि लाल्याच्या मानानं नमुना किंचित पातळही होता. तिनं कप्प्याचं दार उघडून नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "नापास." पलीकडे मामाचा चेहरा उतरला. केंद्राचा नियम त्यालाही ठाऊक होता. लागोपाठ तीन नमुने नापास झाले की नर गाडीत चढवायचा. ती गाडी कुठे जाते हे तिथे कुणी बोलून दाखवत नसे.

त्या संध्याकाळी घरी, ती ओट्यापाशी कांदा चिरत असताना, मामा दारात येऊन उभा राहिला. 

"अगं," तो म्हणाला, "तिसऱ्या वेळी सत्तर म्हण. एकदाच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"एकदाच म्हणतोय मी. आयुष्यात कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

"आणि त्या बाटल्या ज्यांच्या घरी जातील त्यांनी काय करायचं? माद्या रिकाम्या राहिल्या म्हणजे त्यांना काय सांगायचं, की आमच्या ह्यांचा जीव होता त्याच्यावर?"

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. "तुला काळीज आहे की तिथेही भिंगच बसवलंय?"

ती कांदा चिरत राहिली. कांद्याची एक बरी सोय असते, रडणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही.

तेव्हापासून दोघांचा अबोला. मामा फ्लास्क ठेवायचा आणि दार लावून चालता व्हायचा. स्कूटरवर दोघांच्यामध्ये डब्याची पिशवी आली. घरात बोलायचं झालं तर ते सासूबाईंमार्फत. "आई, तिला सांग, साबण संपलाय." "आई, त्यांना सांगा, कपाटात आहे." सासूबाईंना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग त्या निरोप मध्येच बदलायला लागल्या. "तो म्हणतोय, तुझ्या हाताला काय चव आहे गं!" असं त्यांनी एकदा खुशाल ठोकून दिलं. मामानं जेमतेम मीठ मागितलं होतं.

भिंगताई सगळ्यांशी हसून बोलत होती, पण आतून तिला चैन नव्हतं. आकडा खरा सांगितला याचं तिला दुःख नव्हतं. लाल्या खरोखरच संपत आला असेल, याचं होतं. तिलाही तो आवडत होता. त्याला कधी पाहिलं नसलं तरी त्याचे थेंब तिनं वर्षानुवर्षं पाहिले होते, आणि एखाद्याला आवडून घ्यायला तेवढं पुरतं.

प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग औषधात घालून ठेवायची पद्धत होती. त्यातले शुक्राणू जसेच्या तसे थिजून राहतात, आणि आठवड्यातून एकदा पशुवैद्य डॉक्टर त्यांची ठेवण बघतात. डॉक्टर तरुण, अभ्यासू, आणि भिंगताईच्या खोलीत चहा मिळत नाही म्हणून कायम कुरकुरणारे. त्यांची पाळी यायच्या आधीच तिनं लाल्याच्या दुसऱ्या नमुन्याची बाटली काढली आणि थेंब मोठा करून पाहिला. मग डॉक्टरांना हाक मारली.

"जरा बघता का? शेपट्या बघा."

डॉक्टरांनी डोळा लावला. शुक्राणूंच्या शेपट्या सरळ नव्हत्या. जवळजवळ सगळ्याच टोकापासून गुंडाळलेल्या, वेटोळं घातलेल्या.

"म्हातारपणानं असं होतं?" तिनं विचारलं.

"इतकं एकसारखं नाही होत," डॉक्टर म्हणाले. "हे थंडी लागली तर होतं, नाहीतर पाणी लागलं तर. साधं पाणी त्यांना सोसत नाही."

"थंडी नाही. त्याच पाटीवर बाकीचे सगळे नर पास झालेत."

"मग पाणी. पण पाणी येणार कुठून?"

तो प्रश्न घेऊन ती घरी आली. कप्प्यातून विचारायची सोय नव्हती, कारण मामा दार लावून पळत होता. म्हणून तिनं जेवणाची वेळ गाठली. तिघं ताटावर बसली होती. मामा तिच्यापासून हातभर अंतरावर.

"आई," ती म्हणाली, "त्यांना विचारा, फ्लास्क कोरडा असतो ना?"

सासूबाई लेकाकडे वळल्या. "फ्लास्क कोरडा असतो ना रे?"

"आई, तिला सांग, मी काही नवशिका नाही."

"तो नवशिका नाही म्हणतोय."

"ऐकलं मी. आता विचारा, आतली पिशवी?"

"कसली पिशवी गं?"

"फ्लास्कच्या आत प्लास्टिकची असते. वीर्य तिच्यात धरतात."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "जेवताना?"

"आई, विचारा ना. महत्त्वाचं आहे."

सासूबाईंनी डोळे मिटून विचारलं. मामा मात्र आता ताठ झाला. आपल्या कामाची कुणी उलटतपासणी घेतंय हे त्याला झोंबलं होतं. "आई, तिला सांग, पिशवी मी चांगली ऊन करून घेतो. दुसऱ्या कुठल्या नराचे एवढे लाड करत नाही, पण लाल्या आता म्हातारा झालाय, म्हणून त्याच्यासाठी थंडी पडल्यापासून दर वेळी करतोय."

"ऊन कशानं करता?" हे तिनं थेट त्यालाच विचारलं. सासूबाईंची मान मध्येच अडकली.

मामाही विसरला की आपला अबोला आहे. "कढत पाण्यानं. पिशवीत ओततो, खळबळून घेतो, ओतून टाकतो. त्याची जागा लांब, तिथे जाईपर्यंत पिशवी गार पडते. तूच म्हणाली होतीस ना, इथेच बसून, की गारठ्यात त्यांचा जीव जातो?"

"आणि नंतर पुसता?"

"पुसलं तर पुन्हा गार नाही का होणार?"

भिंगताईनं कपाळाला हात लावला. ती तसं म्हणाली होती. थंडी सुरू झाली तेव्हा, याच जागी, भाजी वाढता वाढता. अर्धंच सांगितलं होतं. गारठा सोसत नाही हे सांगितलं, पाणीही सोसत नाही हे सांगायचं राहिलं, कारण पिशवीत कुणी पाणी ओतेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. असा विचार करायला त्या डुकरावर मामाइतका जीव असावा लागतो.

तिनं त्याला सावकाश समजावलं. पिशवीच्या घड्यांत पाणी राहतं. ते पाणी शुक्राणूंत शिरतं, शेपटी गुंडाळते, आणि मग पोहणं संपलं. ड्यूरॉक देतो थोडं, त्यामुळे तेवढंसं पाणीही त्याला बाधतं. म्हणूनच नमुना पातळ झालेला दिसला.

मामाचा हात ताटातच राहिला. "म्हणजे मीच," तो म्हणाला. 

"तुम्ही एकटे नाही. मी अर्धवट बोलले म्हणून."

"मी त्याला जपायला गेलो गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिला त्याची इतकी दया आली, इतकी माया आली, की सासूबाई समोर आहेत हे विसरून तिनं त्याच्या उष्ट्या हातावर हात ठेवला.

"आता माझी गरज संपली असेल," सासूबाई म्हणाल्या, "तर मी जेवते. आणि ते पिशवीचं पुन्हा ताटावर काढू नका."

दुसऱ्या दिवशी भिंगताईनं सगळं केंद्राच्या साहेबांच्या कानावर घातलं. नवऱ्याची चूक पोटात घालणं तिला सहज जमलं असतं, पण मग तीच चूक उद्या दुसरं कुणी करणार. मामानंच तिला सांगितलं होतं, सांगून टाक म्हणून. शेडमध्ये ज्याच्या हाताची वाहवा व्हायची तो मामा दोन दिवस मान खाली घालून वावरला. साहेब माणूस सरळ होते, पण नियमाला घट्ट. ते म्हणाले, "कारण कळलं ते बरं झालं. पण पाणी लागायच्या आधी नमुना मुळात कसा होता हे कुणाला माहीत? नर म्हाताराही झालाय. पाणी नसतं तरी नापास झाला असता, असंही असू शकेल. तिसरा नमुना सांगेल."  

तिसऱ्या नमुन्याच्या सकाळी तिनं खोलीतली प्रत्येक वस्तू पुन्हा पुसली. पाटीचं तापमान पाहिलं, पुन्हा पाहिलं. डॉक्टर काही कामानं आल्याचा बहाणा करून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. चहा मिळणार नाही हे माहीत असूनही आले होते. पलीकडे बराच वेळ काहीच झालं नाही. लाल्याचं नेहमी निवांतच चालायचं. मग कप्प्यात खट् झालं. मामाच्या बाजूचं दार लागलं.

तिनं फ्लास्क उचलला. पिशवी कोरड्या फ्लास्कमधून निघाली. आत थोडंसं, दाट. तिचे हात सवयीनं चालले. थेंब पातळ केला, काचेवर घेतला, वर दुसरी काच, पाटीवर. ती नळीवर वाकली आणि डोळा लावायच्या आधीच परत ताठ झाली.

"डॉक्टर, तुम्ही बघा."

"मी? तुमच्याइतका सराव नाही मला."

"सराव माझा आहे, पण आज मला जे हवंय तेच मला दिसेल. आजचा माझा आकडा धरू नका."

डॉक्टर उठून तिच्या खुर्चीत बसले. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. उभ्या आयुष्यात आपण त्या खुर्चीच्या या बाजूला कधी उभे राहिलो नाही, आणि नमुन्याची वाट बघणाऱ्यांवर काय गुदरतं ते आपल्याला माहीतच नव्हतं, हे तिला त्या वेळी कळलं. डॉक्टर चक्री फिरवत होते. एक जागा पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिल्या जागी आले. त्यांच्या तोंडावरून काही ओळखू येईना.

"ऐंशी," ते म्हणाले. "थांबा. दुसरी काच करा."

तिनं दुसरी काच केली. 

"ऐंशीच्या वरच आहे. शेपट्या सरळ. नुसती धांदल उडालीय त्यांची."

"माझ्याकडे बघून तर म्हणत नाही ना?"

"ताई, तुमच्याकडे बघून खोटं बोलायची माझी काय बिशाद!"

तिला हसायचं होतं, पण डोळे भरून आले. पुसायला वेळ नव्हता. पलीकडे तो उभा असणार हे तिला माहीत होतं. तिनं कप्प्याचं दार उघडलं, आणि त्याच वेळी त्यानंही त्याच्या बाजूचं उघडलं. आजवर न मोडलेला दंडक दोघांनी एकदमच मोडला. समोरासमोर तोंडं आली.

मामानं तिचे डोळे पाहिले. ती बोलायच्या आधीच  त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज शांत होता.

"असू दे," तो म्हणाला. "तू खोटं सांगू नकोस. त्या दिवशी मी मागितलं ते चुकलं माझं. जे आहे तेच सांग. मी त्याच्यापाशी जाऊन बसतो गाडी येईपर्यंत."

"अहो, पास," ती म्हणाली. "पास आहे तो."

मामाला ते समजायला वेळ लागला. "तू पाहिलंस?"

"मी नाही. डॉक्टरांनी."

"मग खरं असेल," तो म्हणाला आणि तिथेच, कप्प्याच्या कडेला कपाळ टेकून, लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. ती आतून त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली, त्याच्या अंगाला शेडचा सगळा वास येत असतानाही.

"जा," शेवटी ती म्हणाली, "त्याला सांगा तरी."